मुकुटबन हिरवं कसं झालं

आमच्या ऑफिसातले किस्से मी कधी मुद्दाम गोळा केले नाहीत. शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून चालून आलं की पँटीला कुसळं चिकटतात, तसे ते चिकटत गेले. चार मित्र जमले अन् चहा आला की कोणीतरी म्हणतोच, "तो टीव्हीवाला किस्सा सांग ना बे." मी सांगतो. सगळे हसतात, मीही हसतो. पण घरी जाताना गाडीवर माझे कान गरम झालेले असतात, कारण या सगळ्या किश्शांतला तो टीव्ही मी लावलेला आहे.

थोडं आधीचं सांगतो. आमची कंपनी कपाशीवाल्या शेतकऱ्यांना सल्ला द्यायची. मेन ऑफिस यवतमाळला; आर्णी, पुसद, मुकुटबन ही आमची केंद्रं. बोंडअळी एकामागून एक हंगाम खात होती ती ही वर्षं. मी ऑफिसात कॉम्प्युटरवर होतो. जिल्ह्याचे साहेब गावंडे, ते कुठलंसं ट्रेनिंग करून परत आले आणि म्हणाले, "आता अंदाजपंचे काम बंद. आपल्याला डॅशबोर्ड पाहिजे."

मी बनवला. भिंतीवर भला मोठा टीव्ही, त्यावर प्रत्येक केंद्राचं नाव, पुढे चौकोन. काम चांगलं तर हिरवा, बरं तर पिवळा, वाईट तर लाल. दर सोमवारी सकाळी केंद्रांनी फोनवर आकडे द्यायचे, मी ते भरायचे. जे केंद्र सलग तीन सोमवार लाल राहील त्याच्या प्रमुखाला घरी पाठवायचं, असा साहेबांनी नियम काढला. नियम त्यांचा होता. पण लाल कशाला म्हणायचं, हे मी ठरवलं होतं.

* * *

टीव्हीचं उद्घाटन झालं. हार घातला, उदबत्ती लावली, नारळ फुटता फुटेना, तो शेवटी ऑफिसच्या पायरीवर आपटून फोडला. तेवढ्यात बोंडअळीचं विचारायला एक म्हातारे शेतकरी आत आले. हातात कपाशीचं एक पान. त्यांच्याकडे कोणाचं लक्ष नाही, कारण आम्ही सगळे टीव्हीकडे तोंड करून उभे!

काकांनीही थोडा वेळ पाहिलं. मग मला विचारलं, याच्यावर कापसाचा भाव दिसते का? मी म्हटलं, नाही काका. मग पाऊस? नाही. मंग दिसते तरी काय?

"आमचं काम दिसते," मी छाती फुगवून सांगितलं.

काकांनी आमच्या सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली. "अन् तुमी सारे इथं पाहून राह्यले, तं काम कोन करून राह्यलं?"

सगळे हसले. साहेबांनी काकांना पेढा दिला. त्यांच्या हातातलं पान मात्र कोणीच पाहिलं नाही, मीसुद्धा.

* * *

आर्णीचा केंद्रप्रमुख इंगोले म्हणजे डोकं! प्रत्येक केंद्रानं आठवड्याला ठरलेल्या शेतकरी-भेटी करायच्या, आणि भेटीचा फोटो मोबाईलवरून टाकायचा. फोटोबरोबर जागाही कळायची. पहिल्याच महिन्यात आर्णी असं हिरवंगार झालं की साहेबांनी सगळ्या केंद्रांना इंगोलेचं उदाहरण दिलं.

इंगोले शेतात जातच नव्हता. तो बाजाराच्या दिवशी स्टँडजवळ केळीच्या गाडीशेजारी खुर्ची टाकून बसायचा. सगळा तालुका त्या दिवशी तिथूनच जातो. "या भाऊ, बसा, फोटो काढू, केळं खा." एका दिवसात आठवड्याच्या भेटी पुऱ्या!

माझ्या नकाशावर आर्णी तालुक्यात एकच ठिपका दिसायला लागला. मला वाटलं, माझा नकाशा बिघडला. तेव्हा मी काय केलं, तर एका जागचे ठिपके थोडे थोडे विखरून दिसतील अशी सोय करून टाकली. तालुकाभर ठिपकेच ठिपके झाले. साहेब मीटिंगमध्ये म्हणाले, "बघा, याला कव्हरेज म्हणतात." इंगोलेनं माझ्याकडे पाहून डोळा मारला. नंतर फोटो नीट पाहिले, तर प्रत्येकात मागे तीच केळी लोंबत होती. हे मी साहेबांना सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं. नकाशा माझा होता ना!

* * *

पुसदच्या राठोडचं दुखणं वेगळं होतं. तक्रारी जितक्या कमी तितका चौकोन हिरवा, असं मी ठेवलं होतं. राठोडनं दोन दिवसांत यावर औषध शोधलं. केंद्राच्या भिंतीवरची 'तक्रार वही' काढली आणि तिथे 'अभिप्राय वही' टांगली.

एकदा तिथे एक बाई आल्या. आमच्या माणसानं सांगितलेली फवारणी केली अन् कपाशीची पाती-कळ्या सगळं गळून पडलं, म्हणून त्या अर्धा तास राठोडला शिव्या देत होत्या. त्याची आई काढली, बाप काढला, कंपनीच्या मालकाचीही सात पिढ्यांची चौकशी केली. गल्ली जमा झाली. शेवटी दम लागला तेव्हा राठोडनं पाणी दिलं आणि वही पुढे केली.

सोमवारी माझ्याकडे नोंद आली. तक्रारी: शून्य. अभिप्राय: एक, सविस्तर.

मी पुसद हिरवं केलं. आणि हसलो, खरं सांगतो, फार हसलो. त्या बाईंच्या कपाशीचं पुढे काय झालं ते मला ठाऊक नाही. विचारलंच नाही कधी.

* * *

आता येतो सापळ्यांवर. बोंडअळीचा पतंग पकडायला शेतात कामगंध सापळे लावतात. खाली प्लास्टिकची पिशवी लोंबते, रात्री पतंग तिच्यात पडतात, सकाळी मोजायचे. सापळ्यामागे रोज आठाच्या वर पतंग निघायला लागले तर समजायचं, अळी येऊन राह्यली. मी डॅशबोर्डात तेच टाकलं: आठाच्या वर गेलं की लाल.

चूक कळली का? पतंग जास्त म्हणजे धोका जास्त. पण माझ्या टीव्हीवर लाल म्हणजे काम वाईट! अळी येणार हे ज्यानं आधी सांगितलं, तोच नापास. शाळेतल्या पोरालाही कळली असती अशी चूक, आणि मी इंजिनिअर माणूस.

केंद्रांना ती लगेच कळली. इंगोलेनं सगळे सापळे शेतातून काढले आणि ऑफिससमोरच्या कडुलिंबाला टांगले. लिंबाला कशाला जाते बोंडअळी? पतंग शून्य, आर्णी हिरवं. राठोड म्हणे सकाळी आधी पिशवी झटकायचा अन् मग मोजायचा.

लाल एकटं मुकुटबन.

* * *

मुकुटबनला वनिताताई मेश्राम होत्या. आमच्यातली एकच बाई केंद्रप्रमुख. स्कूटीवर झरी जामणी तालुक्यातली गावं फिरायच्या, फोनवर आधी "जय भीम, भाऊ" आणि मग आकडे. मुलगी वणीला हॉस्टेलवर राहून शिकत होती ती ताईंच्या पगारावर. नोकरी गेली तर पोरीला घरी आणावं लागणार, हे त्यांनी मला एकदा सहज सांगितलं होतं.

दुसऱ्या लाल सोमवारी पतंग चौदा निघाले, तेव्हा साहेबांनी त्यांना सगळ्यांसमोर उभं केलं. आर्णीत पतंग नाहीत, पुसदला नाहीत, मग तुमच्याकडेच कसे, असं विचारलं.

"मी काय त्याइले चिठ्ठी देल्ली का साहेब, या म्हणून?" ताई म्हणाल्या. "सापळ्यात पडले तेवढे सांगतले."

सगळे हसले. साहेब नाही हसले. त्यांनी डायरी उघडली आणि ताईंना पुढच्या आठवड्याचं टार्गेट लिहून दिलं: पतंग, सहाच्या वर नको.

पतंगांचं टार्गेट! अळीनं आता कंपनीला विचारून यायचं होतं. अन् ती चूक माझी आहे, हे तिथे त्याच क्षणी उठून सांगता आलं असतं. मी खाली मान घालून वायर नीट करत बसलो. वायर नीटच होती.

* * *

तिसऱ्या सोमवारी फोन आला. जय भीम, भाऊ. पतंग एकोणीस.

मी म्हटलं, ताई, तिसरा सोमवार आहे. जरा बघा ना.

"पाह्यलं," त्या म्हणाल्या. "दोनदा मोजलं."

फोन ठेवला. मला वाटलं, कोणाचं काय जाते? मी सहा टाकले. मुकुटबन हिरवं झालं. त्या दिवशी मला इतकं बरं वाटलं की घरी जाताना पोरांसाठी जिलेबी घेतली. पुढच्या सोमवारी पाच टाकले, त्याच्या पुढच्या सोमवारी चार. म्हटलं, हळूहळू सुधारलं पाहिजे, एकदम नको.

एक गोष्ट माझ्या ध्यानातच राहिली नाही. केंद्र लाल झालं की त्या भागातल्या शेतकऱ्यांना आपोआप मेसेज जायचा: अळीचा धोका आहे, फवारणी करा. ती सोय मीच जोडली होती. आदल्या हंगामात भलतीसलती औषधं मारून माणसं दवाखान्यात पडली होती, म्हणून जूनच्या सभांत आम्ही गावोगाव सांगत फिरलो होतो, कंपनीचा मेसेज आल्याशिवाय फवारू नका. पहिल्या दोन लाल सोमवारी तो गेलाही होता. फवारणी झाली, तेवढ्यापुरती अळी दबली. त्यानंतर मुकुटबन हिरवं. मेसेज बंद.

ताईंचा फोन आला. भाऊ, मेसेज काहून नाही आला?

"सर्व्हर डाऊन आहे, ताई."

तीन आठवडे मी सर्व्हर डाऊन ठेवला. ताई स्कूटीवर गावोगाव सांगत फिरल्या, की बाप्पा, फवारा, पतंग वाढून राह्यले. लोक खिशातून मोबाईल काढून दाखवायचे. मेसेज कुठं आहे, ताई? तुमीच तं सांगतलं होतं, मेसेजबिगर मारू नका. एकानं तर त्यांना समजावलं, की ताई, कंपनीचा टीव्ही तुमच्यापेक्षा जास्त जाणते.

वेचणीच्या तोंडावर बोंडं फोडली तर आत अळी अन् काळी सरकी. हे सांगताना मित्र हसत नाहीत, आणि मीही हा किस्सा सहसा गाळतो.

* * *

ताई आता कंपनीत नाहीत, तेही इथेच सांगून टाकतो. दिवाळीनंतर मी त्यांचे खरे आकडे टाकायला लागलो. तीन सोमवार मुकुटबन लाल, चौथ्या सोमवारी त्यांना पत्र. साहेब मला म्हणाले, "बक्षीस मिळालं अन् बाई ढेपाळली, पाहा." मी म्हणालो, "हो सर." एवढंच म्हणालो. पोरगी वणीहून परत आली, असं नंतर कळलं.

बक्षीस कुठलं, तो किस्सा राहिला.

दिवाळीच्या आधी यवतमाळला हॉल घेऊन सगळ्या केंद्रांची मीटिंग झाली. स्टेजवर माझा टीव्ही, त्यावर सगळा जिल्हा हिरवा. 'सर्वोत्तम सुधारणा' म्हणून शिल्ड होतं, आणि ते मुकुटबनला. चौदावरून चार! साहेबांनी आकडे वाचून दाखवले, टाळ्या झाल्या, ताईंना वर बोलावलं. हातात माईक देऊन म्हणाले, मॅडम, कसं केलं ते बाकीच्यांना सांगा.

ताईंनी शिल्ड हातात घेतलं नाही. पिशवीतून त्यांनी आपली नोंदवही काढली होती, ती छातीशी धरली. हॉलमध्ये मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. मला त्यांनी बरोबर शोधलं.

"मुकुटबन मी हिरवं नाही केलं, साहेब," त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा, सोमवारी आकडे सांगायच्या तसा. "माह्या वहीत पाह्यजा, तिथं लालच आहे. शेतात जाऊन पाह्यजा, तिथंही लालच आहे. हे हिरवं भाऊनं केलं. शिल्ड भाऊले द्या."

इंगोले बुटाकडे पाहत होता. राठोडनं माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. साहेबांनी ताईंच्या वहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग समोर कॅमेरा घेऊन उभ्या असलेल्या फोटोवाल्याकडे. मग ते जोरात हसले.

"याला म्हणतात टीम स्पिरिट! या, या, वर या."

टाळ्या सुरू झाल्या. शेजारच्यानं मला धक्का देऊन उठवलं. मी पायऱ्या चढत होतो, ताई उतरत होत्या. साहेबांनी शिल्ड माझ्या हातात दिलं आणि खांद्यावर हात टाकला.

"साहेब, जरा हसा," फोटोवाला मला म्हणाला.

मी हसलो.