फुटक्या पाइपचा पट्टा आणि इनास काका

वसई पूर्वेच्या आमच्या शेडमध्ये दोनच गोष्टी साठतात. नापास झालेला माल आणि किस्से. माल निदान भंगारवाला तरी नेतो. किस्से कोण नेणार? ते माझ्यापाशीच पडून राहतात आणि दर वर्षी थोडे वाढतात. बायको म्हणते, ते आपोआप वाढत नाहीत, तुम्ही वाढवता. असेल!

आम्ही नौदलाच्या जहाजांसाठी आणीबाणीचं सामान बनवतो. जहाजाला भोक पडलं, पाइप फुटला, की हाताशी जे लागतं ते. जुनं सामान सुधारून द्यायचं, असं काम. चार वर्षं सुधारतोय. एवढ्या वर्षांत माझ्यासारखा माणूससुद्धा सुधारला असता!

आमचे फोरमन इनास काका, भुईगावचे. फुटक्या पाइपवर आवळायचा एक पट्टा त्यांनी स्वतःच्या डोक्याने तयार केला. जुन्या पट्ट्याला चार बोल्ट, यांच्या पट्ट्याला ओढून आवळायचा एकच दांडा. चाचणीच्या संधी तीन. तिन्ही वेळा नापास, तर पट्टा कायमचा बाद. आणि येत्या नाताळाला काका रिटायर. सगळा जन्म दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर काम केलेल्या माणसाची स्वतःची म्हणावी अशी ही एकच वस्तू.

* * *

पट्ट्याच्या आधी आम्हाला लाकडी खुंट्यांचं काम मिळालं होतं. निमुळत्या खुंट्या, जहाजाला भोक पडलं की हातोड्याने आत ठोकायच्या. पहिलंच काम, म्हणून आम्ही त्या घासूनपुसून गुळगुळीत केल्या आणि वर तीन हात व्हार्निश मारलं. नुसत्या चमकत होत्या!

तपासणीला नौदलाचे साहेब आले. त्यांनी एक खुंटी उचलली, फिरवली, हुंगली.

"छान आहे. टीव्हीवर ठेवायला."

मग समजावून सांगितलं. कोरडं, काही न लावलेलं लाकूड पाणी पितं, फुगतं आणि भोकात घट्ट बसतं. व्हार्निश मारलेलं लाकूड पाणी पीत नाही.

पुढचा आठवडाभर सगळी शेड काचकागद घेऊन व्हार्निश खरवडत बसली होती. इनास काका म्हणाले, "विलास, जिंदगीत पहिल्यांदा आपलं फिनिशिंग चांगलं झालं, आणि तेच नडलं!"

* * *

चाचणीसाठी आम्ही एक लोखंडी खोली बांधली. आत पाइप फोडायचा, पाणी उसळलं की थांबवायचं. पाणी अर्थात टँकरचं.

मी राहतो मनवेलपाड्यात. आमच्या बिल्डिंगला एक दिवस पाणी, एक दिवस बोंब. नेमका आमच्या शेडचा आणि बिल्डिंगचा टँकरवाला एकच निघाला. त्याने खाली उभ्या असलेल्या बायकांना सांगितलं, "विलासभाऊंच्या कंपनीत मी अख्खा टँकर ओततो. ते लोक खोलीत पाणी सोडतात आणि आत उभे राहून ओरडतात, थांबवा, थांबवा!"

मी घरी पोचलो तर दारात बायको, हातात दोन रिकाम्या बादल्या.

"पाणी थांबवायचंय ना तुम्हाला? मग तिकडे कशाला जाता? इथे आपोआप थांबलंय!"

* * *

पट्ट्याची पहिली चाचणी. मी मोठ्या हौसेने सूचनांचा कागद तयार केला होता, लॅमिनेशन करून. चौदा पायऱ्या. पहिली पायरी, 'सूचना काळजीपूर्वक वाचा.'

मी आणि काका पट्टा घेऊन खोलीत शिरलो. साहेबांनी स्टॉपवॉच लावलं, पाणी सोडलं आणि लाइट बंद केला.

"साहेब, लाइट गेला!" मी ओरडलो.

"जहाजावर पण जातो," अंधारातून आवाज आला.

कागद वाचायला माझा चष्मा सापडेपर्यंत पाणी कमरेला. नापास!

ओलेचिंब बाहेर आलो, तर गेटवर पाचूबंदरची हिराबाई मासे विकत बसलेली. घरची बोट आहे तिची. काय झालं ते ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पानी काय तुजा कागद वाचून येनार हाय?"

काकांनी तो कागद तिथल्या तिथे तिच्या टोपलीत टाकला आणि दांडा कुठल्या बाजूला ओढायचा ते अंधारात कळावं म्हणून त्यावर बोटाला जाणवेल असा एक बाण कोरला. बस.

* * *

दुसरी चाचणी. बाण होता, अंधाराची सवय होती. पण साहेबांनी या वेळी पाइप भिंतीला खेटून बसवायला लावला. जहाजात तसेच असतात म्हणे. मागे बोटसुद्धा जाईना, पट्टा कुठून जाणार? नापास!

रविवारी सकाळी मला काकांच्या घरून मोनिका काकूंचा फोन.

"अरे विलास, चर्चमध्ये मिस्साला जायचंय, सगळ्यांच्या आंघोळी राहिल्यात, आणि हे डोळ्यांना टॉवेल बांधून मोरीतला पाइप चाचपडतायत! बोलत पण नाहीत. काय केलंस तू त्यांना?"

"मी काही नाही केलं, काकू. नापास झालोय आम्ही."

पलीकडे बादली खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मग राहू दे," काकू म्हणाल्या. "आम्ही हात-पाय धुऊन जातो."

* * *

तिसरी चाचणी. शेवटची.

काकांनी पट्टा अर्धा पातळ केला होता आणि दाबाखाली सरकू नये म्हणून आत एक खटका बसवला होता. साहेबांनी सोबत एक खलाशी आणला. त्याने पट्टा आधी कधी पाहिलेला नव्हता. अट अशी, की एकच हात वापरायचा.

लाइट बंद. पाणी सुरू. आम्ही बाहेर, काका दाराला कान लावून.

खट्!

लाइट लावला. पाइप कोरडा! थेंब नाही! काका उपड्या बादलीवर मटकन बसले.

"शाबास," साहेब म्हणाले. "आता काढा."

खटका सोडवायला खलाशाने दांडा उलटा ओढला. हलेना. मी ओढला. साहेबांनी घड्याळ काढून ठेवलं आणि स्वतः ओढला. शेवटी पहार लावली. पाइप वाकला, पट्टा जागचा हलला नाही!

साहेबांनी घाम पुसला आणि फॉर्म पुढे ओढला.

"इथे रकाना आहे. पट्टा काढायला लागणारा वेळ. रिकामा ठेवला तर नापास. काय लिहू?"

काका बादलीवरून सावकाश उठले, पँटला हात पुसले.

"लिहा साहेब. बंदरात पोचल्यावर."

साहेबांनी काकांकडे पाहिलं. पट्ट्याकडे पाहिलं. पेनचं टोपण काढून रकान्यात शब्दाला शब्द तेच लिहिलं, 'पास'वर खूण केली आणि खाली सही ठोकली.