सायडिंगखालची विहीर

मावशीला डॉक्टरांनी रोज तासभर चालायला सांगितलं आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

रस्त्यावर चालायचं तर ट्रकची धूळ, टेकडीकडे जायचं तर धाप. म्हणून तिने जुन्या कोळशाच्या लाइनची वाट धरली. रूळ केव्हाच उखडून नेले होते. लाकडी स्लीपर कुणी कुंपणाला लावले होते, कुणी चुलीत घातले होते. खडीचा बांध मात्र होता तसाच होता, आणि अगदी सपाट.

"भरलेल्या मालगाडीला चढ झेपत नाही," काका म्हणाले, "म्हणून त्या लाइनला चढ ठेवलाच नाही. तुलाही झेपेल."

काका म्हणजे तिचा नवरा. त्यांची सगळी नोकरी त्याच लाइनवर पॉइंट्समन म्हणून झाली. दांडा ओढून डबे या रुळावरून त्या रुळावर घालायचं काम. आपली तुलना भरलेल्या मालगाडीशी झाली हे मावशीला अर्ध्या वाटेत समजलं. घरी आल्यावर दोन दिवस तिने त्यांच्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं.

ती स्वतः बावीस वर्षं खाणीच्या दिवाखोलीत होती. खाली उतरणारा प्रत्येक माणूस तिच्या खिडकीशी यायचा, आपल्या नंबराचा पितळी बिल्ला द्यायचा आणि डोक्याला लावायचा दिवा घ्यायचा. बिल्ला दिव्याच्या रिकाम्या खुंटीवर लटकायचा. वर आला की दिवा परत, बिल्ला परत. पाळी संपल्यावर खुंटीवर बिल्ला उरला तर समजायचं, माणूस अजून खाली आहे. तोवर मावशी खिडकी बंद करत नसे.

एकदा एक बिल्ला उरला. पंपवाल्याचा. अर्धा तास गेला, तास गेला. मावशीने घंटा वाजवली, चार माणसं पुन्हा खाली उतरली. एवढ्यात पंपवाला, डबे उभे असायचे त्या सायडिंगच्या बाजूने, म्हणजे खाणीच्या तोंडाच्या बरोबर उलट दिशेने, शीळ घालत आला. दिवा अजून डोक्यावर.

"आलात कुठून?" मावशीने विचारलं.

"हवेच्या विहिरीतून. लोखंडी शिडी आहे तिथे. घर जवळ पडतं."

"मग घरीच जायचं होतंत की! माझी घंटा ऐकायला कशाला आलात?"

ती त्या दिवशी जे बोलली ते पंपवाल्याला पुढे कमी ऐकू यायला लागलं तरी पाठ होतं. खाली हवा खेळती राहावी म्हणून अशा बऱ्याच विहिरी खणलेल्या असतात. ही त्यातलीच एक जुनी होती. त्या प्रकारानंतर तिच्या तोंडावर आडवे स्लीपर टाकून, माती ओढून ती बुजवल्यासारखी केली गेली. बुजवली मात्र नाही.

पुढे खालचं पाणी पंपांना आवरेनासं झालं आणि खाण बंद पडली. ऑफिसातले कागद दोन ट्रकांतून गेले. कुठे गेले ते विचारलं की जो तो कानावर हात ठेवायचा.

तर, मावशी चालू लागली. आधी लाइनच्या शेवटापर्यंत आणि परत, एवढंच. मग ती आत डोकावू लागली. वजनकाट्याच्या केबिनचं छप्पर गेलं होतं, पण भिंतीवर खडूने लिहिलेले डब्यांचे नंबर वाचता येत होते. कोळसा डब्यांत सोडायच्या उंच हॉपरखाली वटवाघळं होती. दिवाखोलीत तिच्या खिडकीची फळी होती, खुंट्या होत्या. दिव्यांच्या जागी कुणाची तरी शेळी बांधलेली होती.

"तिने बिल्ला दिला होता का?" काकांनी विचारलं.

या वेळी मावशी हसली.

दुसऱ्या महिन्यात हॉपरच्या मागे तिला एक झुडूप दिसलं. काल ते तिच्या खांद्याएवढं होतं. आज त्याचा शेंडा तिच्या गुडघ्याशी होता. झुडूप तेवढंच होतं, जमीन खाली गेली होती. मावशीने भोवती काटेरी फांद्या टाकल्या आणि त्या दिवशी ती चालायचं अर्धवट सोडून घरी आली.

"अशी किती भोकं असतील?" तिने काकांना विचारलं.

"ते खाली काम करणाऱ्यांना विचार. मी वरचा माणूस."

मग तिने खरंच विचारलं. कोण कोणत्या पाळीला, कोणत्या तोंडातून उतरायचा हे तिला नंबरासकट आठवत होतं. जे हयात होते त्यांच्या घरी ती गेली, आणि ज्यांना चालता येत होतं त्यांना घेऊन बांधावर आली. जुन्या कॅलेंडरच्या पानांमागे तिने नकाशा काढायला घेतला. पावलं मोजायची आणि लिहायचं. म्हाताऱ्यांची आपसांत भांडणं व्हायची. एकजण म्हणायचा विहीर पाण्याच्या टाकीच्या अलीकडे, दुसरा म्हणायचा पलीकडे. वर्षभरात सात जागा नक्की झाल्या, एका जागेवरून दोन सख्खे भाऊ बोलेनासे झाले.

अशात बातमी आली की सायडिंगच्या जागेवर दवाखाना होणार. डॉक्टर आठवड्यातून दोनदाच यायचे, तेही शाळेच्या एका खोलीत. दवाखाना व्हावा म्हणून केलेल्या अर्जावर पहिली सही मावशीचीच होती. पण चुन्याच्या रेघा पडल्या तेव्हा तिने पाहिलं, पंपवाल्याची विहीर बरोबर त्या रेघांच्या आत येत होती.

ती कॅलेंडरची पानं घेऊन दवाखाना बांधणाऱ्यांच्या ऑफिसात गेली. तिथली इंजिनिअर तरुण मुलगी होती, बुटांवर माती, आणि वागायला नीट. तिने आपल्याकडचा नकाशा टेबलावर पसरला.

"आजी, इथे काहीच दाखवलेलं नाहीये. नकाशात नाही."

"नकाशात मीसुद्धा नाही," मावशी म्हणाली. "पण बसलेय ना तुझ्यासमोर?"

मुलगी हसली. मग पानं उलटी-सुलटी करून बराच वेळ बघत राहिली. "ही पावलं कुणाची?"

"माझी. दोन पावलं म्हणजे एक मीटर, तीन बोटं कमी."

"शुक्रवारी खणून बघू," इंजिनिअर म्हणाली.

गावात हे कळायला वेळ लागला नाही. समोरचा शिंपी दारातूनच ओरडला, "इतक्या वर्षांनी दवाखाना येतोय, आणि तुम्हाला त्यात खोडा घालायचाय? खाणीचं ते प्रकरण कशाला उकरता? कोळसा उगाळावा तितका काळाच!"

मावशी चालत राहिली. घरी आल्यावर मात्र ती मला, तिच्या भाचीला, म्हणाली, "त्याची सून सातव्या महिन्यात आहे. तो ओरडणारच."

शुक्रवारी अर्धं गाव जमलं. मावशीने जागा दाखवली, मजुरांनी खणलं. कमरेइतकं खणलं तरी नुसती काळी माती. आणखी हातभर खाली गेले, एक गंजलेली कडी निघाली. लोक हसायला लागले. पंपवाल्याला त्याच्या मुलीने धरून आणलं होतं. तो म्हणाला इथेच, मग म्हणाला नाही, थोडं तिकडे, मग पुन्हा इथेच. मावशीचा चेहरा मी पाहिला. तिने पानं छातीशी धरली होती आणि ओठ आत ओढले होते.

"आजी, मला वाटतं..." इंजिनिअरने हळूच सुरुवात केली.

तेवढ्यात काका काठी टेकत आले. गुडघ्यांमुळे ते सहसा अंगणाबाहेर पडत नसत. त्यांनी गवतात काठीने चाचपत एक सिमेंटचा चौथरा शोधला. त्यांच्या दांड्याचं बूड.

"थंडीत मी इथे उभा असायचो," ते म्हणाले, "आणि दोन गाड्यांच्या मधे सहा पावलं तिकडे जाऊन हात शेकायचो. मातीतून ऊब यायची. खाणीतली हवा उबदार असते ना. मला माहीत होतं ते एवढंच."

"आणि इतके दिवस बोलला नाहीत?" मावशी म्हणाली.

"तू विहीर विचारलीस. ऊब कुठे विचारलीस?"

इंजिनिअरने सहा पावलं मोजायला लावली. ती जागा मावशीच्या खुणेपासून जेमतेम चार मीटरवर होती. दीड हात खाली पहारीला लाकूड लागलं. चार स्लीपर, आडवे, कुजलेले. मजुराने पहार पुन्हा मारली तर ती हातातून निसटून खाली गेली. बऱ्याच वेळाने खालून पाण्याचा आवाज आला.

इंजिनिअरने आधी सगळ्यांना मागे सारलं, मजुरांना भोवती दोर बांधायला लावला, आणि मग स्वतः लांब जाऊन फोन लावला. मावशी खडीवर बसली. मला वाटलं आनंदाने बसली. पण ती म्हणाली, "अगं, वर्षभर मी रोज यावरून चालत होते. पायाखालची जमीन सरकणं म्हणतात ना... सरकली नाही हेच नशीब."

दवाखाना दोनशे पावलं पलीकडे, वजनकाट्याच्या बाजूला झाला. विहिरीत दगड भरून वर सिमेंटची जाड लादी घातली. या सगळ्यात आठ महिने उशीर झाला. शिंप्याची सून तेवढ्यात माहेरी जाऊन बाळंत होऊन आलीही, आणि त्याबद्दल शिंपी अजून मावशीला बोलतो. बोलून झालं की तिच्या पिशवीला शिलाई मारून देतो. मावशीच्या सातांपैकी एक जागा निव्वळ चुकीची निघाली. तिथे टाकीचा जुना पाया होता, बाकी काही नाही. ते दोन भाऊ तरीही एकमेकांशी बोलत नाहीत.

गेल्या हिवाळ्यात इंजिनिअरने जीप पाठवली. डोंगरापलीकडे आणखी एक बंद खाण आहे, तिथे नवी वस्ती बांधायची होती. मावशीने काकांना पुढे बसवलं, आम्ही दोघी मागे. तिथल्या चौकात सात-आठ म्हातारे उन्हाला बसले होते. मावशीने त्यांच्यात जागा करून घेतली, कोरा कागद पसरला आणि विचारलं की खाणीचं तोंड कोणत्या अंगाला होतं.

दोघांनी दोन दिशांना बोट केलं. तिसरा म्हणाला, हे दोघेही त्या काळी गावात नव्हतेच.

मावशीने ड्रायव्हरला जीप सावलीत लावायला सांगितली. म्हणाली, जेवूनही या, संध्याकाळ होईल.