तिन्हीसांजेची ट्यूब

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. बायकोची झोप मीच मोडत होतो, आणि ती का मोडते याची शास्त्रीय कारणंही तिला मीच समजावून सांगत होतो.

२०१६ चा हिवाळा. आम्ही ऑकलंडला, अवोन्डेलमध्ये राहत होतो. मी फार्मासिस्ट, बायको हॉस्पिटलात नर्स, कायम नाइट ड्यूटीवर. तिथल्या वॉर्डावर तिचा जीव होता. सकाळी येऊन घरातलं आवरून दुपारी ती आडवी व्हायची, ती थेट रात्रीच्या जेवणाला उठायची.

त्या वर्षी पुण्याहून आई आली. पहिल्याच संध्याकाळी हॉलमध्ये उभी राहून, कुणाचंही नाव न घेता म्हणाली, "तिन्हीसांजेचं घरात कुणी झोपू नये बाई. लक्ष्मी दारातून परत जाते."

सोफ्यावर माझा डोळा लागला होता. मी दचकून उठलो आणि लगेच ओळखलं : लेकी बोले, सुने लागे.

आईला दुखवायचं नव्हतं आणि बायकोला हाक मारून उठवायची छाती नव्हती. म्हणून मी मधला मार्ग काढला. कामावरून आलो की देवापुढे दिवा लावायचा, लक्ष्मीसाठी पुढचं दार उघडायचं, बेडरूमचं दार हलकेच ढकलायचं आणि पॅसेजमधली ट्यूब लावायची. लक्ष्मीचं माहीत नाही, पण गार वारा रोज न चुकता आत यायचा. थोड्याच वेळात बायको डोळे चोळत बाहेर.

"आजपण मोडली. काय होतंय रे मला?"

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण माझ्यातला फार्मासिस्ट बोलू लागायचा. "हे बघ, मेंदूत दिवसा सिरोटोनिन असतं. अंधार पडला की त्याचंच मेलाटोनिन होतं. म्हणजे रात्रीच्या उरलेल्या भाताचा सकाळी फोडणीचा भात करतो ना, तसं. आणि डोळ्यावर उजेड पडला की ते काम थांबतं. तुझं घड्याळच उलटं फिरतंय."

"मी नर्स आहे, मला शिकवू नकोस. आणि उजेड येतो कुठून? बेडरूमचं दार आपोआप उघडतं."

"खिटी सैल झाली असेल," मी म्हणालो. रविवारी स्क्रूड्रायव्हर घेऊन त्या धडधाकट खिटीशी तासभर खटपटही केली. बायको माउंट वेलिंग्टनच्या दुकानांत जाऊन जाड काळे पडदे घेऊन आली. ते मीच टांगले.

मग एकदा ती कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध आणायला गेली आणि दूध तिथंच ठेवून दुकानदाराचा चहाचा मग घेऊन आली. मी तो परत द्यायला गेलो, तर तो हसून म्हणाला, "स्वीट ॲज, ब्रो," म्हणजे काही हरकत नाही, मित्रा. मला मात्र हसू येईना.

त्या रात्री जेवताना ती म्हणाली, "मी वॉर्ड सोडते. उद्याच मॅनेजरला सांगते. असल्या डोक्यानं पेशंटला इंजेक्शन द्यायची भीती वाटते मला."

आईनं पोळी खाली ठेवली. "अगं, पण तू झोपतेसच कुठं? हा रोज दार ढकलून ट्यूब लावतो. मला वाटलं, तूच उठवायला सांगितलंयस."

"आई, तूच म्हणालीस ना, तिन्हीसांजेचं झोपू नये?" मी म्हणालो.

"ते तुला म्हणाले मी! घोड्यासारखा सोफ्यावर पसरला होतास. ती बिचारी रात्रभर जागते, तिला कसली आलीय तिन्हीसांज?"

बायकोनं आमटीचा डाव पातेल्यात ठेवला. म्हणाली, "आणि ती खिटी?"

"खिटी चांगली आहे," मी म्हणालो. "दार मी ढकलत होतो. ट्यूब मी लावत होतो. तुझ्या मेंदूचा, मेलाटोनिनचा कशाचाच दोष नाही. वॉर्ड सोडू नकोस. चुकलं माझं. माफ कर मला."