लव्हाळ्याचा माळी

वाचनालयाच्या माळीकाकांनी उभ्या आयुष्यात कुणाचा मनापासून राग केला असेल, तर तो लव्हाळ्याचा. हिरवळीत त्याचं एक पातं दिसलं की काका खुरपं घेऊन तुटून पडायचे. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी रोज सकाळी पाणी घालायला यायचे. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी नकोही म्हटलं नव्हतं. आणि आता ग्रंथपालबाई म्हणत होत्या, हिरवळ काढा आणि तिथे लव्हाळाच लावा!

"बाई, म्हाताऱ्याची चेष्टा करताय होय?"

"नाही हो काका. हा तुमचा उपटायचा लव्हाळा नाही. हा इथल्याच माळरानावरचा, झुबक्याने राहतो, पसरत नाही. आपली टाकी दिवसाआड भरते, हिरवळीला पाणी आणायचं कुठून? हा एकदा रुजला की पंधरा दिवसांनी पाणी दिलं तरी चालतं. तुमचीही रोजची दगदग वाचेल."

दगदग! काकांना तो शब्द चांगलाच झोंबला. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगी दूरच्या शहरात सुखात होती, इतकी सुखात की "बाबा, रोज फोन नका करू, रविवारी निवांत बोलू" असं तिने सांगून टाकलं होतं. खोलीत एक पलंग, एक शेगडी आणि टिकटिक करणारं घड्याळ. माणसांशी बोलणं व्हायचं ते सकाळी हातात पाइप असताना. कुणी म्हणायचं, "काका, बूट भिजवाल हं!" कुणी विचारायचं, "टाकी भरली वाटतं आज?" रिकाम्या हाताने उभ्या असलेल्या म्हाताऱ्याशी कोण कशाला बोलेल?

पण अंगावर घेतलेलं काम टाळणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी हिरवळ काढली, माती भुसभुशीत केली, आणलेले झुबके मुळांसकट फोडून हात-हात अंतरावर लावले. पहिल्याच आठवड्यात तण काढता काढता हात सवयीने चालत राहिले. अर्धी रांग उपटून ढीग घातल्यावर काका भानावर आले. स्वतःला शिव्या घालत त्यांनी ती परत लावली. बाई खिडकीतून बघत होत्या, त्यांची हसून हसून पुरेवाट झाली. मग काकाही हसले, कितीतरी दिवसांनी.

रोपं रुजेपर्यंत रोज पाणी हवंच होतं. ते महिने काकांचे फार सुखाचे गेले. झुबके गुडघ्याला लागले तशा बाई म्हणाल्या, "आता हात आखडता घ्या." काका "हो हो" म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी पाइप घेऊन हजर.

"काका, काय हे?"

"पाणी नाही घालत हो. पानांवरची धूळ धुतोय."

तीन आठवडे धूळ धुतल्यावर झुबके मधून पिवळे पडू लागले. काकांनी एक उपटून नाकाशी धरला. मुळं काळी, लिबलिबीत, कुजका वास. कीड नाही, रोग नाही. मारेकरी पाइप हातात धरून उभा होता. काका बाकावर बसले. पाणी घातलं तर हे मरणार. नाही घातलं, तर उद्यापासून आपण इथे यायचं कशाला?

बऱ्याच वेळाने ते उठले, पाइप गुंडाळून खुंटीला टांगला आणि घरी गेले.

पुढचे पंधरा दिवस ते फिरकले नाहीत. दोनदा मुलीला लावायला फोन उचलला आणि आज रविवार नाही हे आठवून ठेवून दिला. सोळाव्या दिवशी वाचनालयात आले, तर पिवळ्या पात्यांच्या मधून हिरवे कोंब वर आलेले.

"बघा काका," बाई खुशीत म्हणाल्या, "तुम्ही नव्हतात तरी किती छान चाललंय!"

बाईंच्या मनात टोचायचं काहीच नव्हतं. काका "हो ना" म्हणाले. मग म्हणाले, "बाई, एक झुबका नेऊ घरी?"

"एक का, चार न्या. मागे मोठ्या कुंड्या पडल्यात, त्यातली घ्या एक."

काकांनी मागे जाऊन सगळ्यात छोटी कुंडी शोधून आणली.

"अहो, एवढीशी? ही संध्याकाळपर्यंत सुकेल. रोज पाणी घालावं लागेल तुम्हाला."

"माहीत आहे," काका म्हणाले, आणि कुंडीत माती भरू लागले.