दुसऱ्याच्या उंबऱ्यात आईचा फोटो

मोठ्या मायनं आम्हाला मदत केली. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं सांगता सांगता माझं तोंड कडू होत जाईल आणि त्या कडूपणात ती राहून जाईल. मोठी माय आमच्या नात्यातली नाही. आमच्या शेताला लागून तिचं शेत, आणि ती आईपेक्षा वयानं मोठी, म्हणून मोठी माय. आणखी एक सांगायचं राहिलं. ज्या माणसानं माझ्या आईचं घर गिळलं, त्याची ती आई.

त्याला मी लहानपणापासून दादा म्हणते. अजूनही तोंडातून दादाच निघतं. जिभेला लागलेली सवय आहे, तिचा मला राग येतो.

आमचा पाडा सातपुड्यात, धडगावहून जीपनं वर जाऊन पुढं पायी उतरायचं. घरात पावरी बोलतात. मराठी मी आश्रमशाळेत शिकले, सातवीपर्यंत. बाप गेला आणि शाळा सुटली. उरलेली मराठी इथं शिकले, कोल्हापूरकडं, एका मुलींच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात. इथं मी पोळ्या लाटते. मुली वाचून टाकून देतात ती पुस्तकं जिन्याखालच्या खोलीत नेऊन वाचते. स्वभाव भित्रा. फोन वाजला की आधी वाटतं, आईला काही झालं. मग वाटतं, छप्पर उडालं.

छपराची भीती जुनी आहे. आमचं घर कुडाचं होतं, बांबूच्या विणीवर माती लिंपलेलं, आणि त्याचा एक कोपरा बसला होता. आईला घरकुल मंजूर झालं तेव्हा मी इथं सगळ्या बायांना गूळ वाटला. घरकुलाचं असं असतं की सगळं एकदम मिळत नाही. जोतं झालं की फोटो, भिंती झाल्या की फोटो, छप्पर चढलं की शेवटचा फोटो. फोटोत मालक घरासमोर उभा पाहिजे. फोटो पोचला की पुढचा हप्ता.

दादा असली कामं करायचा. पाड्यातल्या चारदोन जणांची घरं त्यानं उभी केली होती. तो आईला म्हणाला, "काकी, तू कुठं पत्र्यांच्या मागं फिरशील? तू आपली ऊसतोडीला गुजरातला जा. होळीला येशील तेव्हा किल्ली हातात देतो."

"किल्ली कशाला?" आई म्हणाली. "आपल्यात कुलूप कोण लावतं?"

"आता लावावं लागेल काकी. घर पक्कं होणार."

हे आईनं मला फोनवर हसत हसत सांगितलं होतं. मीही हसले होते. पोळ्या लाटताना मला ते हसू आठवतं आणि पोळी फाटते.

बँकेत आईबरोबर तोच जायचा, पैसे तोच घ्यायचा, सामान तोच आणायचा. त्याच वेळी तो स्वतःचंही घर बांधत होता, आमच्या जागेला लागून. मध्ये एक बांध आणि एक मोहाचं झाड. त्याचं घर भराभर वर गेलं. आमचं कमरेला येऊन थांबलं. दिवाळीनंतर, आई तोडीला निघायच्या आधी, त्याच्या नव्या घराचं जेवण झालं. आमच्याकडं नव्या घराला कोणी रिकाम्या हातानं जात नाही. सुपात दाणे घेऊन जायचं, दाराबाहेर थांबायचं. घरची बाई येते, दाणे पदरात घेते, मग पाहुण्यानं आत पाऊल टाकायचं. आई मक्याचे दाणे घेऊन गेली. दादानं मोबाइल काढला.

"काकी, तिथंच थांब. ऊन चांगलं पडलंय."

आई थांबली. सुखाच्या घरात आपला एक फोटो राहील म्हणून पदर नीट केला. तिला काय ठाऊक, ती कुठल्या फोटोत उभी राहते आहे.

होळीला आमचे सगळे लोक असतील तिथून परत येतात. मीही दोन दिवस गाड्या बदलत पोचले. शेवटच्या घाटात जीपमध्ये नेहमीसारखी ओकले आणि पाड्यात उतरले. आई कमरेएवढ्या चार भिंतींच्या आत, निळ्या ताडपत्रीखाली बसली होती. बाजूला शेळी बांधलेली.

"आत झोपलं की वारा लागत नाही," ती म्हणाली. जणू भिंतींची बाजू घेत होती.

मी दादाला गाठलं. तो ओट्यावर दात घासत होता. "अगं बाई, आल्या आल्या भांडतेस? सामान किती महाग झालं! पावसाआधी करतो ना."

पावसाआधी! मी आईला घेऊन तालुक्याच्या कार्यालयात गेले. तिथला कारकून शहाद्याकडचा, बोलणं अहिराणी, माणूस सरळ. त्यानं कॉम्प्युटरमध्ये पाहिलं आणि आईकडं पाहिलं.

"माय, तुन्हं घर तं पुरं व्हई गये ना. हाई देख. तूच शे ना?"

आई वाकून पडद्याजवळ गेली. मीही गेले. नवं घर, वर चकचकीत पत्रे, दाराबाहेर माझी आई, हातात सूप, तोंडभर हसू.

"हो, मीच," आई खूश होऊन म्हणाली. "त्या दिवशी जेवण चांगलं होतं."

"मंग? पुऱ्या घरले आखो पैसा कसा देऊ माय?" कारकून म्हणाला. त्याला चेष्टा करायची नव्हती, हे मला कळत होतं. पण माझ्या कानातून वाफ निघत होती. भिंतींचा फोटोही दादाच्याच घराचा होता, आई सहज बघायला गेली तेव्हाचा. आमच्या पत्र्यांचा पैसा त्याच्या छपरावर चढला होता, आणि वर माझ्या आईला हसत उभं करून त्यानं त्याची साक्ष घेतली होती.

 परतीच्या जीपमध्ये घाट चढता चढता एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. फोटो खरा असेल तर ते घर आईचं आहे. मग आई रानात ताडपत्रीखाली का?

दुसऱ्या दिवशी दादा धडगावच्या बाजाराला गेला. त्याची बायको पोरं घेऊन माहेरी. मी जातं डोक्यावर घेतलं. आईच्या हातात पातेली दिली.

"कुठं?" आई म्हणाली.

"तुझ्या घरी."

"लोकांच्या घरात घुसायचं?"

"कॉम्प्युटरमध्ये तूच हसत उभी होतीस ना? चल."

आम्ही बांध ओलांडला. दादाच्या दारात मोठी माय बसली होती, मोहाची फुलं निवडत. तिनं जातं पाहिलं, पातेली पाहिली. मला वाटलं, आता शिव्या घालेल, आणि तिनं घातल्या तर मी परत फिरेन. मी सगळं भडाभडा सांगितलं. ती फुलं निवडत राहिली. मग एकच विचारलं.

"फोटोत तुझ्या आईच्या हातात सूप होतं?"

"होतं."

ती गुडघ्यावर हात देऊन उठली आणि दारातून बाजूला झाली. पुढच्या खोलीच्या कोपऱ्यात तिनं स्वतः तीन दगड मांडले. आतल्या चुलीतले निखारे खापरीत आणले, फुंकून पेटवले आणि आईला म्हणाली, "भाकरी टाक."

आमच्यात पेटलेल्या चुलीवर कोणी पाणी ओतत नाही. दुसऱ्याच्या चुलीवर तर नाहीच. ते त्या घरातलं माणूस मेलं असं म्हटल्यासारखं होतं. मोठ्या मायनं काय केलं ते मला भाकरीचा वास सुटल्यावर समजलं. तिनं आपल्या पोटच्या पोराचा आम्हाला हुसकायचा रस्ता बंद केला होता.

दादा दुपारी आला. आधी जातं दिसलं, मग आई, मग मी.

"हे काय चाललंय? माझं घर आहे हे!"

"मोठ्यानं बोल दादा," मी म्हणाले. माझा आवाज चिरकत होता. "सगळ्या पाड्याला ऐकू दे. कोणाचं घर?"

"माझं!"

"मग फोटोत माझी आई कशी?"

लोक जमले. बांधावरचा एक म्हातारा बिडी पेटवत म्हणाला, "सरकारला सांगतोस काकीचं, आम्हाला सांगतोस तुझं. एकदा त्या घरालाच विचार ना, ते कोणाचं ते!" सगळे हसले. ते हसू मी आजही जपून ठेवलं आहे. मन खचलं की ते काढून ऐकते.

दादानं रागानं पाण्याचा हंडा उचलला आणि चुलीकडं वळला. मोठी माय चुलीला टेकून बसली होती. ती हलली नाही.

"ओत," ती म्हणाली. "माझ्या हातचा विस्तव आहे. ओत."

त्यानं हंडा खाली ठेवला. पाणी हिंदकळून त्याच्याच पायावर सांडलं.

आम्ही तिथंच राहिलो. पाड्याच्या पंचांनी तालुक्याच्या कार्यालयातल्या साहेबाला बोलावून घेतलं, आणि काही दिवसांनी तो मोटरसायकल वर रस्त्याला लावून पायी उतरून आला. दादा कोंडीत सापडला होता. घर काकीचं म्हणावं तर घर जातं, आपलं म्हणावं तर फोटो खोटा. मग त्यानं जे केलं ते मी त्याला मरेपर्यंत माफ करणार नाही. त्यानं आईकडं बोट केलं.

"साहेब, काकी स्वतःच उभी राहिली. तिला सगळं माहीत होतं. पैशात तिचाही वाटा ठरला होता."

आईचा चेहरा राखेसारखा झाला. तिला साहेबाची मराठी नीट कळत नव्हती, पण ते बोट कळलं.  घर तर गेलंच होतं, आता तिच्यावर चोरीचा आळ येत होता. त्या क्षणी मला हातात कोयता हवासा वाटला. खोटं कशाला बोलू?

मोठी माय पुढं आली. ती पावरीत बोलली, पंचांपैकी एकानं साहेबाला मराठीत सांगितलं.

"फोटोत हिच्या हातात सूप आहे. ती पाहुणी होती. दाणे मी या पदरात घेतले, दळून खाल्ले. बाई आपल्याच घराच्या दाराबाहेर सूप घेऊन उभी राहते का? विचारा इथल्या कुठल्याही पोराला."

कोणाला विचारायची गरज पडली नाही. सगळ्या बाया एकदम बोलायला लागल्या. साहेबानं मोबाइलमध्ये फोटो पुन्हा पाहिला, मोठा करून पाहिला, मग आईकडं पाहिलं. त्यानं मोठ्या मायला विचारलं, "तुमचाच मुलगा ना?"

"माझाच," ती म्हणाली. "म्हणून तर सांगते."

दादाला केस नको होती. पंचांनी अट घातली, आमचं सामान जिथं लागलंय तिथून काढून दे, कमी पडेल ते भर. आमचे पत्रे त्यानंच स्वतःच्या छपरावरून उतरवले. मी मोहाखाली बसून पाहत होते. एकेक पत्रा सुटताना करकरायचा. दर पत्र्याला त्याच्या घरात थोडं थोडं ऊन शिरत होतं. मी त्या दिवशी भाकरी खाल्ली नाही, तरी पोट भरलं होतं.

मग पाड्यानं लाह केली. लाह म्हणजे एखाद्याचं मोठं काम असलं की सगळ्या घरांतून एकेक माणूस येतो, मजुरी कोणी घेत नाही, ज्याचं काम तो जेवू घालतो. कोणी वाळू वाहिली, कोणी भिंत चढवली, बायांनी नदीवरून पाणी आणलं. दादालाही यावं लागलं. न येणाऱ्याच्या घरी पुढं कोणी जात नाही. तो दगड वाहत होता आणि त्याच्याशी कोणी बोलत नव्हतं. जेवायला बसल्यावर आईनं त्यालाही वाढलं, डाळ जरा जास्तच. ती तशीच आहे. मी त्याच्या ताटाकडं फिरकले नाही.

आईचं घर उभं राहिलं. पहिल्या दिवशी मोठी माय सूप घेऊन दाराबाहेर येऊन थांबली. आईनं दाणे पदरात घेतले. फोटो काढायला साहेब आला तेव्हा आईनं आधी आपले हात पाहिले, रिकामे आहेत ना म्हणून.

मी परत इथं आले. पोळ्या, फोन, भीती. आई सांगते, दादानं छपरावर आता दुसरे पत्रे घातले, पण मोठ्या मायशी बोलत नाही. तिची चूल वेगळी, बाहेर, गोठ्याच्या कडेला. सून तिच्या हातचं पाणी घेत नाही. "ती काही बोलत नाही ग," आई म्हणते. "संध्याकाळी येते, आपल्या ओट्यावर बसते, उठून जाते."

माझा राग त्यानं आणखी पेटतो. त्यानं फसवलं आम्हाला, आणि शिक्षा ती भोगते.

मोठी माय, तुला वाचता येत नाही, आई तुला हे सांगेल. मी इथं पै पै साठवते आहे. आईच्या घराला मी एक पडवी काढणार आहे, पक्की, पत्र्याची, तुझ्यासाठी. तिचं दार बांधाकडं ठेवणार, मोहाच्या झाडाखालून बरोबर तुझ्या पोराच्या दारासमोर. रोज सकाळी त्यानं दात घासायला ओट्यावर यावं आणि त्याला दिसावं, आपली आई कोणाच्या घरात चूल पेटवते. तो दिवस येईपर्यंत तू टिकून राहा. मग खापरीत निखारे घेऊन बांध ओलांडून ये. मी सुट्टी काढून येईन आणि दाराच्या आत उभी राहीन, तुझ्या सुपातले दाणे पदरात घ्यायला.