ईस्टरच्या पहाटेचं वाचन

खोटं कशाला बोला, ऋजुताचं नुसतं नाव निघालं तरी सरोजिनीबाईंच्या पोटात दुखायचं.

इंदूरच्या त्या छोट्याशा मराठी ख्रिस्ती मंडळीत ईस्टरच्या पहाटेचं शास्त्रवाचन सरोजिनीबाईंचं, हे ठरलेलं. शाळेतून रिटायर झाल्या, गुडघे गेले, नवरा गेला, वाचन तेवढं राहिलं. जुन्या भाषांतराचं जाडजूड बायबल उघडून घुमत्या आवाजात त्या सुरू झाल्या, की खोकणारे खोकला गिळायचे.

मग विजयनगरकडे एक नवी प्रार्थनासभा निघाली. तिथे गिटार, तिथे सोप्या भाषेतलं नवं बायबल. तरुण पोरं भराभर तिकडे पळाली. पाळक समीरजी धास्तावले. म्हणाले, "या ईस्टरपासून आपण पण नवंच भाषांतर घेऊ. पोरांना समजलं पाहिजे नं बाईजी. आणि वाचायला ऋजुता, म्हणजे... ठीक राहील."

ऋजुता! रविवारच्या शाळेत नाक ओढत बाईंसमोर बसायची ती. आता बँकेत अधिकारी, आणि वाचते कशी, तर शेजारणीशी गप्पा मारल्यासारखी. लोकांना तेच आवडायचं. गेल्या महिन्यात एका रविवारी तिचं वाचन ऐकून तर बाईंची सख्खी जाऊ वसुधा डोळे पुसत म्हणाली, "पहली बार समजलं गं मला!" बाईंचा नुसता जळफळाट झाला. मग इतकी वर्षं मी काय भिंतींना वाचून दाखवत होते?

"परदेशीपुऱ्यात जुनंच बायबल खरं मानणारी मंडळी आहे," त्यांनी पाळकांना सुनावलं. "मी चालले तिकडे."

"अरे नहीं बाईजी! तुम्हीच वाचा. पण पुस्तक नवं हं."

झालं! बाईंनी नवं पुस्तक आणलं आणि कंबर कसली. भाजी चिरताना तोच अध्याय, कुकरच्या शिट्ट्यांवर तोच अध्याय. त्या पोरीला दाखवतेच, एवढं एकच डोक्यात.

ईस्टरची पहाट. चर्च भरलेलं, विजयनगरवाली पोरंसुद्धा आलेली. बाईंनी चष्मा चढवला, नवं पुस्तक उघडलं आणि कबरीकडे निघालेल्या बायांची हकिकत सुरू केली. आवाज काय लागला म्हणता! म्हाताऱ्या माना डोलवू लागल्या. पोरं मात्र ओळ सापडेना म्हणून आपापल्या नव्या पुस्तकांची पानं उलटायला लागली. "भिया, कहाँ चल रहा है?" अशी कुजबुज झाली.

तेव्हा कुठे बाईंच्या ध्यानात आलं. डोळे नव्या पानावर होते आणि तोंडातून जुनंच येत होतं. सावरायला गेल्या तर नवं सापडेना आणि जुनंही विसरलं.

इतक्यात दुसऱ्या बाकावरून कुणीतरी हळूच पुढचं वाक्य सुचवलं. जुनंच. बाई जिथे श्वास घ्यायच्या तिथेच श्वास घेऊन. बघतात तर ऋजुता. तिच्या मांडीवरचं पुस्तक मिटलेलं होतं.

बाईंनी ते वाक्य धरून अध्याय कसाबसा पुरा केला. बाहेर चहाच्या वेळी ऋजुता कप घेऊन आली. "बाईजी, तुम्हीच तर पाठ करून घेतलं होतं लहानपणी. सगळं येतं अजून."

"शाबास," बाई म्हणाल्या आणि चहाकडे बघत राहिल्या. नवं तर तिचंच होतं. माझं म्हणून एक जुनं उरलं होतं, ते पण मेलीला येतं! आणि शिकवलं कुणी, तर मीच.