सिमेंटची बाई

चतुराबाई सात वर्षांच्या असताना त्यांची आई गेली. घरात तिचा एकही फोटो नव्हता. पुढं मुकुंदवाडीत भाजी विकून तीन लेकरं वाढवता वाढवता आईचा चेहराही त्या विसरल्या. ध्यानात राहिली ती फक्त कडबा तोडताना तुटलेली तिची करंगळी.

एका रविवारी थोरला नानासाहेब सगळ्या घराला पाचोडच्या अलीकडं घेऊन गेला. तिथं सांडू मिस्त्रीनं रस्त्याकडेला सिमेंटच्या माणसांचं अख्खं गाव उभं केलं होतं. नातवंडं सिमेंटच्या बैलांवर चढली. चतुराबाई मात्र जात्यावर बसलेल्या बाईपुढं थबकल्या. तिच्या डाव्या हाताला करंगळी नव्हती.

"मिस्त्री, ही कोण हाय?"

"कुणीच नाय, माय. मनानंच केली. तीनदा करंगळी बसवली, तीनदा गळून पडली. मग दिली सोडून."

चतुराबाईंनी वाकून तो चेहरा नीट पाहिला आणि हळूहळू त्यांना ओळख पटली. उन्हानं जातं चटके देत होतं. बाईचा हात मात्र गार लागला. त्या तिच्यासमोर बसल्या आणि त्यांनी खुंटा धरला.

"आजी, चल ना, निघायचंय," नातीनं हाक मारली.

"थांब जरा," त्या म्हणाल्या, "आमचं दळण सरलं नाय अजून."

दिवस कलला तरी त्या उठल्या नाहीत.